गांवांच्या नांवांतील झाडें, पाणी आणि माती



शाळेंत भूगोल शिकवीत असतांना मला एक सवय जडली होती. वर्ग नवा आला कीं पहिल्या दिवशीं प्रत्येक मुलाला मी त्याच्या मूळ गांवाचें नांव विचारीत असें, आणि तें नांव एका वहींत टिपून ठेवीत असें. मुलें बहुतेक भिवापूरच्या पंचक्रोशींतलीं. कांहीं वैनगंगेपलीकडून मामाच्या घरीं किंवा आत्याच्या घरीं शिकावयास आलेलीं. गांवें लहान. कांहीं तर दहा-वीस घरांचे टोलेच. वही भरली, दुसरी घेतली, तीहि भरली. सेवानिवृत्तीनंतर एके दुपारीं तीं पानें चाळूं लागलों तेव्हां जें दिसलें, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं. परंतु वहींतलीं नांवें ओळीनें मोठ्यानें वाचूं लागलों, तों रानांतून चालत असल्याचा भास झाला. चिचाळा, उमरी, पिंपळगांव, वडगांव, बोरगांव, आमगांव, मोहगांव, बेलगांव, खैरी, सालई, सावरगांव, हिवरा, पळसगांव, जांभुळघाट. चिंच, उंबर, पिंपळ, वड, बोर, आंबा, मोह, बेल, खैर, सालई, सावर, हिवर, पळस, जांभूळ. त्यांच्या मधून मधून पाथरी, पांढरी, झरी, टेक, घाट आणि बर्डी. राजांचीं आणि देवांचीं नांवें होतीं, नाहीं असें नाहीं. पण झाडांच्या मानानें तीं थोडीं.

असें कां असावें, हें समजण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. रान तोडून पहिलीं चार घरें जेथें उभीं राहिलीं, तेथें राहणाऱ्यांना आपल्या वस्तीस नांव देण्याची हौस नव्हती. नांवाची गरज दुसऱ्यांना होती. बैल हरवला, कोठें दिसला? चिंचेपाशीं. पाहुणा कोठें उतरला? उंबरापाशीं. असें दोन पिढ्या म्हटलें कीं तें नांव होऊन बसतें. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर दुसरी चिंच नसली म्हणजे पुरे. पुढें जमाबंदीचीं दप्तरें तयार झालीं तेव्हां सरकारी कारकुनापुढें एकाच नांवाचीं पांच-पांच गांवें येऊन उभीं राहिलीं, आणि मग त्यानें एकाला खुर्द म्हटलें, दुसऱ्याला बुद्रुक. खुर्द आणि बुद्रुक हे फारशी दप्तराचे शब्द. लहान व मोठें एवढाच त्यांचा अर्थ. झाड आधींचें, कारकून मागाहूनचा.

हीं नांवें किती जुनीं असावींत? माझी समजूत अशी होती कीं असलीं साधीं नांवें फार तर भोसल्यांच्या काळचीं. ती समजूत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या लेखनानें पार धुऊन काढली. मिराशी नागपुरास राहत असत, आणि वाकाटक राजांचे कोरीव लेख एकत्र करून त्यांनीं सिद्ध केलेला मोठा ग्रंथ १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाटाजवळ जांब येथें सांपडलेला एक ताम्रपट आहे. पांचव्या शतकांतील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानें एका ब्राह्मणाला कोथुरक नांवाचें गांव दान दिलें, त्याचा तो लेख. दान दिलेल्या गांवाची चतुःसीमा त्यांत सांगितली आहे, आणि ती आपल्या तलाठ्यानें लिहावी तशी आहे. एका बाजूस उमा नदी. दुसऱ्या बाजूस चिंचापल्ली. तिसऱ्या बाजूस बोंथिकवाटक. चौथ्या बाजूस मंडुकिग्राम. मिराशी सांगतात कीं उमा म्हणजे आजची वणा नदी, चिंचापल्ली म्हणजे तिच्या कांठचें चिचोली, बोंथिकवाटक म्हणजे बोथड आणि मंडुकिग्राम म्हणजे मांडगांव.

चिंचापल्ली! हें वाचलें तेव्हां मी पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलों. दीड हजार वर्षांपूर्वीं नंदिवर्धनाच्या राजाच्या लेखकानें, म्हणजे आपल्या रामटेकाजवळच्या नगरधनाहून, संस्कृतांत शासन लिहितांना चिंचेचें गांव चिंचेचें म्हणूनच लिहिलें. पल्ली म्हणजे लहान वस्ती. पल्लीची झाली वली, वलीची ओली, आणि चिंचापल्लीची चिंचोली. आपण वैदर्भीय अनुस्वार गिळतों म्हणून चिचोली. मुंबईकडच्या बोरिवली, कांदिवली, डोंबिवलींतहि हीच पल्ली लपलेली आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत तर मूलच्या रस्त्यावर चिचपल्ली हें गांव पल्ली न टाकतां तसेंच उभें आहे. (तेथें २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षणाचें केंद्र आहे, चिंचेच्या गांवीं बांबूची शाळा.) ताम्रपट ज्या जांब गांवीं सांपडला, तेंहि झाडाचेंच. जवळचें हिंगणघाट म्हणजे हिंगणाच्या झाडांचा घाट. मांडगांवाच्या नांवांत मंडूक, म्हणजे बेडूक, आहे. पावसाळ्यांत वणेच्या कांठीं ज्यानें रात्र काढली असेल त्याला त्याचें नवल वाटणार नाहीं.

त्याच प्रवरसेनाच्या दुसऱ्या एका ताम्रपटांत अश्वत्थखेटक येतें, म्हणजे पिंपळखेडच. आणि लोहनगर येतें, म्हणजे लोखंडाचें गांव. पुढें राष्ट्रकूटांचा राजा तिसरा कृष्ण याचा वर्धा जिल्ह्यांतील देवळी येथें सांपडलेला ताम्रपट शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा आहे. त्यांतील गांव नागपूर-नंदिवर्धन या विषयांत, म्हणजे परगण्यांत, होतें. बख्त बुलंदानें नागपूर शहर वसविलें तें १७०२ च्या सुमारास. नागपूर हें नांव मात्र त्याच्या साडेसातशें वर्षें आधींच ताम्रपटावर चढलेलें होतें. त्याच लेखांत कन्हान नदी आहे, आणि शेजारचें एक गांव आहे मोहमग्राम. तें छिंदवाड्याकडील मोहगांव, असें संशोधकांनीं ओळखलें आहे.

मोहाचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. एका कीर्तनांत मीं असें ऐकलें आहे कीं मोहगांव म्हणजे मायामोहाचें गांव, तेथील लोकांना कोणा साधूनें तसा शाप दिला. बुवांचें निरूपण रसाळ होतें. परंतु मोह हा शब्द येथें मधूक या संस्कृत शब्दाचा नातू आहे. चैत्रांत पहाटे ज्याचीं फुलें टपटप पडतात आणि ज्यावर आमच्याकडच्या गरिबांनीं दुष्काळ काढले, तें झाड. साधूचा शाप बाजूस ठेवला तरी गांवाला कांहीं उणें येत नाहीं.

येथें मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतों. झाडाचें नांव आम्हांला कमीपणाचें वाटतें. गांव थोडें वाढलें, देऊळ बांधलें गेलें, शाळा आली, कीं आम्हांला नांवासाठीं कोणी ऋषि, राजा किंवा निदान राक्षस हवासा होतो. वाशीम जिल्ह्यांतील कारंजें पाहा. करंजाचें झाड आपल्या ओढ्यानाल्यांच्या कांठीं सर्वत्र आहे, त्याच्या बियांचें तेल दिव्याला वापरीत. पण कारंज्याची कथा विचाराल तर करंज नांवाचा ऋषि, त्याला जडलेली व्याधि आणि तळ्याच्या पाण्यानें ती दूर झाली हा वृत्तांत ऐकावयास मिळेल. झाडाचा ऋषि झाला. नागपूरची सीताबर्डी घ्या. बरड म्हणजे खडकाळ, उंचवट्याची जमीन, आणि बर्डी म्हणजे तशी लहान टेकडी. ती टेकडी अजून तेथें आहे. तिच्यावर आणि तिच्या भोंवतीं १८१७ च्या नोव्हेंबरांत भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. नागपूरकर आजहि सीता गाळून नुसतें 'बर्डीवर जातों' म्हणतात. तरी शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन भावांच्या नांवांवरून शितलाबद्री, आणि त्यावरून सीताबर्डी, ही कथा लोकप्रिय आहे. डोळ्यांसमोर टेकडी असतां दोन भाऊ कशाला हवेत?

सर्वांत मोठें उदाहरण अमरावतीचें. अमरावती म्हणजे इंद्राची राजधानी, हें कोण नाकारील? परंतु अभ्यासक सांगतात कीं तिचें जुनें नांव उदुंबरावती, म्हणजे उंबरांची वस्ती. त्याचें बोलीरूप उंबरावती, उमरावती. आणि मग कोणा सुसंस्कृत लेखणीनें तिला सुधारून अमरावती केलें. इंग्रजांच्या जुन्या कागदांत तें नांव ऊमरावती असेंच लिहिलेलें आढळतें, आणि विलायतेच्या कापूसबाजारांत वऱ्हाडाच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. परक्या व्यापाऱ्यानें कानानें ऐकलें तें लिहिलें, म्हणून त्याच्या वाईट उच्चारांत उंबर शिल्लक राहिला. आपल्या शुद्धलेखनानें तो तोडला.

याचा अर्थ कोठेंहि झाडाचा भास झाला कीं झाडच मानावें असा नव्हे. धामणगांवांतील धामण हा सापहि असूं शकेल आणि झाडहि, कारण त्या नांवाचीं दोन्हीं आहेत. लोणी नांवाच्या गांवीं लोणी पाहावें कीं लोण, म्हणजे मीठ, पाहावें? बुलढाणा जिल्ह्यांतल्या लोणारला मात्र संशय राहत नाहीं. तेथील सरोवराचें पाणी तोंडांत घेतल्याबरोबर व्युत्पत्ति कळते. येथेंहि लवणासुर हजर आहेच.

आतां माझी स्वतःची एक चूक सांगतों. ती सांगितल्याशिवाय हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं.

पस्तीस-एक वर्षांपूर्वीं गडचिरोलीकडील रानांतला एक गोंड मुलगा माझ्या वर्गांत आला. शरीरानें लहान, बोलण्यांत अबोल. त्याच्या गांवाच्या नांवाच्या आरंभीं 'इरुप' हा शब्द होता. त्या बाजूस असें नांव असलेलीं गांवें आहेत. मीं तो शब्द फळ्यावर लिहिला आणि मोठ्या ऐटींत सांगितलें कीं इरुप हें 'विरूपाक्ष' या शंकराच्या नांवाचें बिघडलेलें रूप होय. त्या ठिकाणीं पूर्वीं शिवालय असलें पाहिजे. मुलगा खालीं बसेना. म्हणाला, "नाही गुरुजी, आमची बुढी म्हनते, इरुप म्हनजे मोहफूल."

वर्ग हंसला. मीहि हंसलों. "बुढीचें राहूं दे, फळ्यावरचें उतरून घे," असें मी म्हणालों. त्यानें उतरून घेतलें.

पुढें कित्येक वर्षांनीं, सेवेचीं अखेरचीं वर्षें चाललीं असतां, द्राविडी भाषांच्या शब्दांसंबंधीं एक लेख माझ्या हातीं आला. बरो आणि एमेनो या दोन पंडितांनीं द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश केला, तो १९६१ सालीं निघाला. त्यांत मोहाच्या झाडाचा शब्द आहे. तमिळ भाषेंत इलुप्पै, इरुप्पै, तेलुगूंत इप्प, आणि गोंडींत इरुप. कावेरीच्या कांठापासून वैनगंगेच्या कांठापर्यंत एकच शब्द, एकाच झाडासाठीं. मी वर्गांत हंसलों त्यापूर्वींच तो छापून झालेला होता; आणि त्या बुढीच्या तोंडीं तर तो छापखान्याच्या जन्मापूर्वींपासून होता. आमचें मोहगांव आणि त्या मुलाचें गांव हीं एकाच अर्थाचीं दोन नांवें. एक मराठींत, एक गोंडींत. एकाला मीं मधूकाचा नातू म्हणून मान दिला, दुसऱ्याला अपभ्रंश म्हणून फळ्यावर उभें केलें. माझ्या वहींतलें 'विरूपाक्ष' मीं त्याच दिवशीं खोडलें. त्या मुलाच्या वहींत तें अजून असेल.

हें आमच्याकडेच घडतें असें नाहीं. शाळेच्या नकाशावर मी वर्षानुवर्षें जर्मनींतील शहरें दाखवीत आलों: बर्लिन, ड्रेस्डेन, लाइप्झिग, केम्निट्झ. हीं जर्मन नांवें, अशीच माझी आणि मुलांची समजूत. प्रत्यक्षांत तीं स्लाव लोकांचीं आहेत. हजार-बाराशें वर्षांपूर्वीं त्या प्रदेशांत स्लाव वस्ती करून होते. रशियन, पोलिश, झेक या भाषांच्या कुळांतल्या त्यांच्या बोली. त्यांनींहि आमच्या कुणब्यांसारखींच नांवें ठेविलीं. लिपा म्हणजे लिंडेन नांवाचें झाड, त्यावरून लाइप्झिग. आपला पिंपळगांव म्हणा. कामेन म्हणजे दगड, दगडी ओढ्यावरून केम्निट्झ, आपली पाथरी. ड्रेस्डेन म्हणजे नदीकांठच्या रानांत राहणारे. तें तर आमच्या झाडीपट्टींतल्या माणसाचेंच वर्णन झालें. पुढें जर्मन लोक आले, सत्ता त्यांची झाली, भाषा त्यांची झाली, आणि नांवांचे अर्थ विसरले गेले. बर्लिनच्या नांवांत दलदलीचा अर्थ असलेला स्लाव शब्द आहे, असें भाषापंडितांचें मत. परंतु जर्मन कानाला त्यांत अस्वल ऐकूं आलें, आणि अस्वल त्या शहराच्या राजचिन्हावर जाऊन बसलें. दलदलीचें अस्वल होतें, उंबराची इंद्रपुरी होते आणि मोहफुलाचा विरूपाक्ष होतो. फरक इतकाच कीं स्लाव भाषेच्या त्या शाखेंतली सोर्ब बोली आतां जर्मनींत थोड्याच लोकांच्या तोंडीं उरली आहे. आमच्याकडे गोंडी बोलणारे अद्याप लाखों आहेत. विचारावयाचें असेल तर विचारतां येतें.

आमच्या भिवापुराचें काय, असें कोणी म्हणेल. येथें मी निरुपाय आहें. पूर म्हणजे गांव आणि भिवा हें भीमाचें घरगुती रूप. झाड नाहीं, पाणी नाहीं. गोंडांच्या देवांत भिवसन आहे, भीमाळ पेन आहे, हें मात्र लक्षांत ठेवावें आणि भिवा म्हणजे पांडवच असें घाईनें ठरवूं नये. मघांची चूक एकदां पुरे. आमचें गांव मिरचीबद्दल प्रसिद्ध. तिखटपणाचा आम्हांला अभिमान आहे. पण मिरचीच्या नांवाचें एकहि गांव माझ्या दोन्हीं वह्यांत नाहीं, आणि त्याचें कारण सरळ आहे. मिरची या देशांत आली ती पोर्तुगीजांच्या मागून, सोळाव्या शतकांत. तोंपर्यंत आमच्या बहुतेक गांवांचीं बारशीं होऊन गेलीं होतीं. शेजारीं उमरेडला जमिनीखालीं दगडी कोळसा निघतो. त्याचीहि खूण नांवांत नाहीं, कारण नांव ठेवणाऱ्यानें जमिनीवर डोळ्यांना दिसलें तेवढेंच सांगितलें. आंतलें त्याला ठाऊक नव्हतें आणि ठाऊक असल्याचा आव त्यानें आणला नाहीं.

आतां शेवटची गोष्ट. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचें धरण झालें. त्याची कोनशिला १९८८ सालीं बसविली गेली; पुढें पाणी अडलें, आणि भंडारा जिल्ह्यांतील व आमच्या नागपूर जिल्ह्यांतील कुही-भिवापूरकडील नदीकांठचीं गांवें उठलीं. नवीं गांवें दूर माळावर वसलीं, सरळ रस्त्यांचीं, आंखून दिलेलीं. नांवें मात्र जुनींच सोबत गेलीं. नांवांत घाट आहे आणि नदी दृष्टीस पडत नाहीं, अशीं गांवें आतां आहेत. आणखी तीन पिढ्यांनीं तेथल्या मास्तराला मुलें विचारतील, गुरुजी, आपल्या गांवाला घाट कां म्हणतात? त्या वेळीं तो मास्तर काय सांगेल, याची मला थोडी धास्ती वाटते. मास्तर काय सांगूं शकतो हें मला ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यांत मी अशाच एका नव्या वसाहतींत गेलों होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. त्यांत उंबर आहे. जुनें गांव पाण्याखालीं, जुना उंबर पाण्याखालीं. एका वृद्ध गृहस्थांनीं बाज टाकून बसविलें, चहा दिला. मीं विचारलें, "बाबाजी, इथे उंबर आहे काय?"

ते उठले आणि मला घरामागें घेऊन गेले. कांट्यांच्या कुंपणांत गुडघ्याएवढें रोप होतें.

"लावलं जी," ते म्हणाले. "वरीस झालं. नातू पानी टाकते. नावात उंबर आन् गावात नसन, तं पोट्टे उद्या इचारतीन नं जी."